घरी, शेवटच्या दिवसांतल्या रुग्णाजवळची रात्रपाळी

पोचल्यावर मी आधी दिवसपाळीची वही वाचते: वेदनेचं औषध किती वाजता दिलं, लघवी कधी झाली, कुठे दुखतंय. मग रुग्णाजवळ. अंधारात हात लावण्याआधी नाव घेऊन सांगायचं, "मी आलेय, आता कूस बदलते." उत्तर आलं नाही तरी सांगायचंच, बोललेलं ऐकू येत असावं, असंच धरून वागायचं.

साधारण दर २ तासांनी कूस बदला. पाठीशी उशी, गुडघ्यांच्या मध्ये एक, टाचा अधांतरी. माकडहाडावर लाली दिसली तर चोळू नका, नर्सला कळवा.

तोंडाची काळजी मला सगळ्यात मोलाची वाटते. गिळता येत नसेल तर चमच्याने पाणी घालायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. मऊ स्पंज भिजवून घट्ट पिळायचा, गालांच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून अलगद फिरवायचा. एका आजींनी तो ओठांत धरून ठेवला होता. मी ओढला नाही. त्यांनी सोडेपर्यंत तशीच वाकून थांबले.

घशात घरघर लागली की घरचे घाबरतात. रुग्णाला कुशीवर वळवा, डोकं जरा उंच करा. त्यांना स्वतःला त्याचा त्रास बहुधा जाणवत नाही, हे घरच्यांना सांगा.

श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होऊ लागला, गुडघे गार आणि जांभळट पडले, तर सकाळची वाट पाहू नका. नर्सला फोन करा, शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलीला उठवा आणि तुमची खुर्ची तिला द्या.