हायड्रा मागवताना ऑपरेटरचीही परीक्षा घ्या

हायड्राचं, म्हणजे लोड उचलून घेऊन चालणाऱ्या फिरत्या क्रेनचं, भाडं ठरवताना आपला ठेकेदार दोनच प्रश्न विचारतो: किती टनांची आणि तासाला किती? चालवायला कोण येणार, हे विचारणारा क्वचितच भेटतो. गोव्यात फोंडा, कुंडई, वेर्णा या पट्ट्यात लहान ठेकेदारांच्या साइटवर मी सेफ्टी बघतो. आमच्याकडे पहिला लोड उचलण्याआधी ऑपरेटर, खलाशी (लोड बांधून हुकाला लावणारा) आणि सिग्नलमन (ऑपरेटरला खुणा करणारा) अशा तिघांची तोंडी परीक्षा होते. वीस मिनिटांचं काम आहे.

ही माझी हौस नव्हे. बांधकाम कामगारांसाठीच्या 1998 च्या केंद्रीय नियमांतच आहे की उचल-यंत्र चालवणारा अठराच्या वरचा, कामात सक्षम व भरवशाचा, धोके जाणणारा आणि ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी झालेला हवा. सिग्नल देणाऱ्यालाही हीच अट आहे. आणि आपण सिग्नलला उभा करतो कोण? जो त्या वेळी रिकामा असेल तो.

ऑपरेटरपासून सुरुवात करा. वाहन परवाना रस्त्यापुरता. लोड उचलता येतो हे त्यावरून कळत नाही. प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट मागा, ते कुठल्या प्रकारच्या यंत्राचं आहे ते वाचा, आणि मग केबिनमधला लोड चार्ट (बूम, म्हणजे क्रेनचा लांब होणारा हात, किती बाहेर आणि लोड किती दूर असताना किती वजन उचलता येतं याचा तक्ता) त्याच्या हातात द्या. 'बूम एवढा काढलाय, हुक गाडीपासून सहा मीटरवर आहे, किती उचलशील?' तो चार्टवर बोट फिरवून आकडा सांगत असेल तर ठीक. 'साहब, चौदा टन की गाडी है, उठा लेगी' म्हणाला तर चावी काढून घ्या. चौदा टन हा आकडा बूम आखूड आणि लोड अगदी जवळ असतानाचा. बूम पुढे गेला की तो झपाट्याने उतरतो. ओव्हरलोडचा भोंगा चालतो का, तेही वाजवून दाखवायला सांगा. पुष्कळ गाड्यांत त्याची वायर काढून ठेवलेली असते.

खलाशाची परीक्षा सळ्यांच्या गठ्ठ्यावर घ्यावी. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. 16 मिलिमीटरची बारा मीटर सळई सुमारे एकोणीस किलो भरते. शंभर सळ्या म्हणजे 1.9 टन. हे त्याला तोंडपाठ नसलं तरी चालेल, पण वजन काढायचं असतं हे ठाऊक हवं. सळ्यांना कापडी पट्टा लावायला निघाला तर थांबवा. सळईच्या धारेने पट्टा कापतो. तिथे वायर रोप (पोलादी तारांचा दोर) किंवा चेन हवी.

मग कोन. दोन पायांची स्लिंग, म्हणजे हुकापासून लोडपर्यंत दोन बाजूंना जाणारी रोप किंवा चेन, आडव्या रेषेशी साठ अंशांवर असेल तर या गठ्ठ्याला प्रत्येक पायावर 1.1 टन येतो. ती पसरून तीस अंशांवर आणा, प्रत्येक पायावर पूर्ण 1.9 टन. त्यात फास घातला (रोप गठ्ठ्याभोवती फिरवून तिच्यातच अडकवली) की स्लिंगची क्षमता वीस-पंचवीस टक्क्यांनी घटते, म्हणजे दोन टनांची रोप दीड टनावर येते. गठ्ठा तोच, रोप तीच, आणि तीस अंशांवर ती कमी पडते. जमिनीवर खडूने त्रिकोण काढून दाखवा. शाळा न शिकलेल्यालाही कळतो.

रोप तपासताना खलाशी काय करतो, ते जवळून बघा. नुसता हात फिरवणारा नवखा. जाणता चिंधी घेऊन फिरवतो. तुटलेली तार असली की ती अडकते, मग तिथे थांबून मोजतो. रोपच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त झाल्या की रोप बाद. 12 मिलिमीटरची, 6 गुणिले 19, म्हणजे एकूण 114 तारांची रोप असेल तर 96 मिलिमीटरमध्ये बारावी तार दिसली की ती भंगारात. कापूनच टाका, नाहीतर संध्याकाळी ती परत हुकावर दिसते.

सिग्नलमन एकच हवा, जॅकेट वेगळ्या रंगाचं. ऑपरेटर झारखंडचा, सिग्नलमन विजापूरचा, मुकादम कोंकणीत ओरडणारा, अशी आपली साइट. म्हणून सगळं हाताच्या खुणांवर ठेवायचं आणि काम सुरू व्हायच्या आधी दोघांनी त्या समोरासमोर करून दाखवायच्या. 'थांब' ही खूण मात्र कुणीही केली तरी ऑपरेटरने थांबायचं. सिग्नलमन दिसेनासा झाला तरी थांबायचं.

शेवटची परीक्षा मी विचारत नाही, नुसतं बघतो. गाडी उभी करण्याआधी ऑपरेटर खाली उतरून जमीन बघतो का? आपल्याकडे शेत भरून केलेले प्लॉट, भाटातल्या (बागायतीतल्या) बुजवलेल्या विहिरी, जुन्या सोकपिटा (सांडपाण्याचे शोषखड्डे). जूननंतर वरून सगळं सारखंच दिसतं. 'इधर नीचे क्या है?' असं आपणहून विचारणारा ऑपरेटर मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

नाव, यंत्र, तारीख आणि परीक्षा कोणी घेतली, एवढं वहीत लिहा. यंत्र बदललं की पुन्हा. आणि भाड्याच्या ऑर्डरवर ऑपरेटरचं नाव टाकून घ्या, कारण ठरवलेला एक आणि सकाळी येणारा दुसरा, हे नेहमीचंच. दुसरा आला तर गाडी फाटकाशीच ठेवून चार्ट पुन्हा काढायचा.