एअर पिस्तुलाचे स्क्रू फिरवण्याआधी: या चुका टाळा

"सर, पिस्तूल डावीकडं मारायलंय, किती क्लिक फिरवू?" असा फोन आला की मी आधी विचारतो, किती पेलेट मारून सांगायलास? उत्तर बहुतेक वेळा 'तीन' असतं. तीन पेलेटवरून, म्हणजे तीन छर्‍यांवरून, पिस्तुलाबद्दल काही कळत नाही, मारणाऱ्याची घाई तेवढी कळते.

पॅरिस २०२४ मध्ये मनू भाकरला १० मीटर एअर पिस्तुलात ब्राँझ मिळाल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडं या खेळाची विचारपूस करणारे वाढलेत. राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत यांचं कोल्हापूर शेजारीच, त्यामुळं नेमबाजी इथं कधीच अगदी परकी नव्हती. पण पिस्तूल आलं तरी ते उघडून बघणारा जाणकार गल्लीत मिळत नाही. मग बॉक्समधला ॲलन कीचा संच बाहेर निघतो आणि जो तो मिस्त्री होतो.

दर पेलेटमागं क्लिक

साइट म्हणजे नेम धरायची पुढची दांडी आणि मागची खाच, आणि क्लिक म्हणजे मागची साइट सरकवणाऱ्या स्क्रूची एक पायरी. दर पेलेटमागं ती फिरवणं ही सगळ्यांत मोठी चूक. एका कार्डावर, म्हणजे कागदी लक्ष्यावर, दहा पेलेट मारा, मध्ये साइटला हात लावू नका, आणि मग ग्रुपचा, म्हणजे छिद्रांच्या झुबक्याचा, मध्य कुठं पडलाय ते बघा. दहा छिद्रं काळ्या गोलभर विखुरली असतील तर क्लिक फिरवून काही साधणार नाही, कारण सरकवायला ग्रुपच नाही. शंका पिस्तुलावर असेल तर टेबलावर वाळूची पिशवी ठेवा, मनगट तिच्यावर टेकवा आणि पाच पेलेट मारा. दहा गुणांच्या मधल्या गोलाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. टेकून मारलेले पाचही पेलेट एकमेकांत मिसळून जवळपास तेवढ्याच जागेत जात असतील तर पिस्तूल ठणठणीत आहे.

क्लिक फिरवायचेच झाले तर दिशा आधी तपासा. पेलेट जिकडं न्यायचा तिकडं मागची साइट सरकते, एवढं पक्कं. स्क्रूवरच्या अक्षरांचा मात्र घोळ होतो. जर्मन बनावटीच्या पिस्तुलांवर 'एच' म्हणजे वर आणि 'टी' म्हणजे खाली. पुष्कळजण 'टी'ला टॉप समजून उलटे पिळत बसतात. शिवाय काही कंपन्यांची खूण 'पेलेट इथं लागला तर' अशा अर्थाची असते. आठ-दहा क्लिक एकदम फिरवून ग्रुप कुठं जातो ते डोळ्यांनी बघा, आणि वहीत लिहून ठेवा.

नजर कार्डावर, साइटवर नाही

इथं थोडा हिशेब करू. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३४ सेंटीमीटर धरा. पुढची साइट मागच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला गेली, तर दहा मीटरवर पेलेट जवळपास २९ मिलिमीटर सरकतो. म्हणजे दहाच्या मधोमध जाणारा पेलेट सातात. याउलट साइट एका रेषेत ठेवून अख्खा हात तसाच १ सेंटीमीटर बाजूला गेला, तरी पेलेट १ सेंटीमीटरच सरकतो आणि नऊ मिळतात.

तरी नवा नेमबाज हाताच्या थरथरीला घाबरतो आणि साइटकडं दुर्लक्ष करतो. हात हलणारच. दीड किलोपर्यंतचं वजन एका हातानं, कसल्याही आधाराशिवाय धरायचंय. पुढच्या साइटची कड स्वच्छ, काळा गोल धूसर, आणि खाचेत दोन्ही बाजूंना सारखा उजेड, एवढंच बघायचं. गोल स्वच्छ दिसायला लागला की समजा, नजर पळाली.

म्हणूनच नेम काळ्या गोलाच्या मधोमध धरू नका. काळ्यावर काळी साइट दिसेनाशी होते. गोलाखाली पांढरी पट्टी सोडा, चांगली जाडच सोडा, आणि पेलेट मध्यावर नेण्याचं काम मागच्या साइटवर सोपवा. पट्टी अगदी केसाएवढी ठेवणाऱ्यांची नजर पट्टी मोजण्यातच अडकते. घरच्या रेंजवर एका ट्यूबलाइटखाली बसवलेली साइट स्पर्धेच्या हॉलमधल्या लख्ख उजेडात वेगळी दिसते. तिथं चाचणीच्या पेलेटांवर पुन्हा बघायचं, घाबरायचं नाही.

ट्रिगर जितका हलका तितका बरा, हा गैरसमज

नियमानुसार एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. घरी बरोबर ५०० वर बसवून गेलात आणि तपासणीत वजन उचललं गेलं नाही, तर तिथंच पळापळ सुरू होते. ५१०-५२० वर ठेवा. किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं लोखंडी माप दोरीनं बांधून ट्रिगरच्या मधोमध अडकवा, नळी सरळ वर ठेवा आणि पिस्तूल सावकाश उचला. माप वर आलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर पास. पेलेट घालू नका, पण हवा भरलेली आणि पिस्तूल कॉक केलेलं, म्हणजे मारायला सज्ज, हवं, कारण तपासणीतही तसंच असतं. ड्राय फायरच्या, म्हणजे पेलेट न मारता केलेल्या सरावाच्या, खटक्यावर मोजलेलं वजन वेगळं येऊ शकतं.

दुसरी खोड म्हणजे वजनाची वाटणी. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो. पहिला टप्पा फार हलका आणि दुसरा जड ठेवला की शेवटी बोट झटका मारतं. पहिल्या टप्प्यात साडेतीनशे-चारशे ग्रॅम उचललेले असले की उरलेल्यासाठी जोर काढावा लागत नाही. बाकीचे स्क्रू, म्हणजे दुसऱ्या टप्प्याची पकड (आतला खटका किती अडकून राहतो ते) आणि ट्रिगर थांबवणारा स्क्रू, मॅन्युअल उघडं ठेवल्याशिवाय फिरवू नका. पकड फार कमी केलेलं पिस्तूल नुसत्या धक्क्यानं सुटतं. थांबवणारा स्क्रू जास्त आत गेला तर ते कधी सुटतं, कधी नाही. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा, आणि आधी कुठं होता त्याची नोंद. नळी तोवर कार्डाच्या दिशेलाच.

ग्रिपवर लगेच कानस

लाकूड एकदा घासलं की परत येत नाही. आधी डोळे मिटून पिस्तूल कार्डाकडं उचला, दोन श्वास थांबा, डोळे उघडा. पुढची साइट दर वेळी खाचेत एकाच बाजूला सापडत असेल तर दोष ग्रिपचा. बहुतेक पिस्तुलांत ग्रिप सैल करून थोडी फिरवता किंवा कलती करता येते, ते आधी करा. भर घालायची असेल तर मुलांच्या खेळातला क्ले लावून आठवडाभर मारा, पटलं तरच एमसील. तळहाताखालची फळी हात आवळून धरेल इतकी वर घेऊ नका. तिचा कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही, आणि वर वळवलेली कड तर नाहीच.

आपल्याकडच्या पावसाळ्यात, खानापूरकडं तर विचारूच नका, लाकूड फुगतं आणि मेमध्ये नीट बसलेली ग्रिप जुलैत वेगळी लागते. तेव्हा कानस उचलण्याऐवजी दिवाळीपर्यंत थांबा.

हवा

ग्रुप सावकाश खाली घसरायला लागला तर साइटच्या आधी हवेच्या सिलिंडरचा दाब दाखवणारा गेज बघा. मॅन्युअलमधल्या किमान दाबाखाली गेल्यावर वेग पडतो आणि पेलेट खाली जातो. पुष्कळ पिस्तुलांचे सिलिंडर २०० बारचे असतात, त्यापुढं भरू नका. हातपंपानं भरत असाल तर पावसाळी हवेतलं पाणीही आत जातं. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर लावा आणि भरताना अधूनमधून दाब सोडा. जोडाला शिलाई मशीनचं किंवा खोबरेल तेल कधीही नको. जास्त दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. दहा वर्षं झाली की तो स्पर्धेत चालत नाही आणि घरीही वापरू नये.

कार्ड वाचण्याची घाई

उजव्या हातानं मारणाऱ्याचा ग्रुप डावीकडं-खाली पडत असेल तर बहुधा ट्रिगरचा झटका. वर जात असेल तर तळहाताची टाच दाबली जातेय. असे तक्ते भिंतीवर लावलेले असतात. मी त्यांना निम्माच मान देतो. त्यापेक्षा ड्राय फायर करा, खटका पडताना पुढची साइट कुठं उडते ते स्वतः बघा.

ड्राय फायर न करणं हीसुद्धा चूकच, आणि ती पेलेटच्या डब्यांमागं डबे संपवणाऱ्यांची. बहुतेक स्पर्धेच्या पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोय असते. कोऱ्या भिंतीसमोर रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. समोर कार्ड नसल्यानं नजर आपोआप साइटवर राहते. स्थिर झाल्यावर आठ-दहा सेकंदांत खटका पडला नाही तर हात खाली घ्या. यात कमीपणा नाही, स्पर्धेतही तेच करायचंय.

जुन्या गल्ल्यांतल्या लांबट घरांतही सलग दहा मीटर मिळत नाहीत. पाच मीटरवर निम्म्या मापाचं कार्ड लावा, काळा गोल ५९.५ ऐवजी साधारण ३० मिलिमीटरचा. मागं जाड पोलादी पत्र्याचा सापळा हवा आणि मधल्या दाराला आतून कडी. पेलेट शिशाचे असतात, त्यामुळं चहा-पोहे हात साबणानं धुतल्यावरच.

प्रवासात पिस्तूल पेटीत, आणि पेटीत खरेदीचं बिल व क्लबचं ओळखपत्र. निवडणुकीच्या दिवसांत कोगनोळीच्या सीमा नाक्यावर गाड्या थांबवतात तेव्हा तोंडी खुलासा पुरत नाही. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानानं बेंगळूरला स्पर्धेला जाणार असाल तर सिलिंडर रिकामा करा, चेक-इनच्या सामानात द्या आणि काउंटरवर आधीच सांगा. तिथं पोहोचल्यावर हवा कुठं भरून मिळेल याची चौकशी निघण्यापूर्वीच आयोजकांकडं करून ठेवा.