माचू पिचूला स्वतःचं स्वतः जायचंय तर विमान नंतर, तिकीट आधी

विमान अजून बुक करू नका. टूर कंपनीशिवाय पेरूतल्या माचू पिचूला, इंका लोकांच्या डोंगरावरच्या त्या जुन्या नगरीला, जायचं ठरलं की पहिल्यांदा हात विमानाच्या तिकिटाकडेच जातो, माझाही गेला होता, पण थांबा आणि आधी माचू पिचूच्या प्रवेशाचं तिकीट कुठल्या तारखेला मिळतंय ते बघा, कारण बाकी सगळं, ट्रेन, बस, हॉटेल, अगदी रजा सुद्धा, त्या एका तारखेवर टांगलेलं असतं. दिवसाला साधारण ४,५०० माणसं आत सोडतात, गर्दीच्या ठराविक दिवसांत ५,६००, आणि जून ते ऑगस्टमधली चांगल्या वेळेची तिकिटं महिने महिने आधी संपतात. पेरूच्या संस्कृती मंत्रालयाची स्वतःची साइट आहे, तुबोलेतो नावाची, तिथूनच घ्या. नाव आणि पासपोर्ट नंबर पासपोर्टवर आहे तस्सं टाका, गेटवर पासपोर्टशी पडताळून बघतात आणि नंतर दुसऱ्याच्या नावावर करून मिळत नाही. मध्येच पासपोर्ट रिन्यू होणार असेल तर आधी ते काम उरका.

आता कुठलं तिकीट, कारण इथंच सगळ्यात जास्त लोक फसतात. जून २०२४ पासून तिथं तीन सर्किट आहेत आणि त्यांत मिळून दहा मार्ग, आणि एका मार्गाने आत गेलात की दुसऱ्यात शिरता येत नाही, मागे वळता येत नाही, बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत नाही. सर्किट १ वरच्या अंगाचं, तिथून तो सगळ्यांनी पाहिलेला फोटो मिळतो पण खाली घरं, देवळं, चौक आहेत तिकडे उतरता येत नाही. सर्किट २ मध्ये वरचं दृश्यही आणि वस्तीतून फिरणंही, म्हणून ते सगळ्यात आधी संपतं. सर्किट ३ खालच्या बाजूने, सूर्यमंदिराजवळून जातं, चढ कमी, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना चांगलं, पण वरून अख्खं माचू पिचू दिसत नाही. फोटोत मागे दिसतो तो सुळका म्हणजे वायना पिचू, तो चढायचा असेल तर तिकीट सर्किट ३ सोबतच मिळतं, आणि माचू पिचू नावाचा मोठा डोंगर सर्किट १ सोबत. म्हणजे वायना पिचू घेतलं की वरचा तो फोटो हुकतो, हे आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला तिथं पोचल्यावर कळलं आणि त्यांचा चेहरा अजून आठवतो. पहिल्यांदा जाताय तर सर्किट २, त्यातला २-ए, डोळे मिटून. दोन दिवस काढता येत असतील तर एक दिवस २ आणि दुसऱ्या दिवशी ३ घ्या, मला विचाराल तर इतक्या लांब जाऊन हे करावंच. साध्या सर्किटचं तिकीट १५२ सोल, डोंगरासकट २००, आणि सोल म्हणजे पेरूचं चलन, एक सोल साधारण २५ रुपयांच्या आसपास. ऑनलाइन काहीच मिळालं नाही तर पायथ्याच्या गावात रोज काही तिकिटं समोरासमोर विकतात, पण त्यासाठी आदल्या दिवशी रांग लावावी लागते आणि कुठलं सर्किट मिळेल ते हातात नसतं, म्हणून त्या भरवशावर भारतातून निघू नका.

कधी जायचं? मे ते सप्टेंबर कोरडा काळ, नोव्हेंबर ते मार्च पाऊस. आपल्याला सोय अशी की मुलांची मे महिन्याची सुट्टी बरोब्बर कोरड्या काळाच्या सुरुवातीला येते, डोंगर अजून हिरवे असतात आणि जून-जुलैची गर्दी सुरू झालेली नसते. दिवाळीत जाल तर पाऊस नुकता लागत असतो, चालून जातं, पण ख्रिसमसची सुट्टी म्हणजे धो धो पाऊस आणि समोर नुसतं पांढरं धुकं अशी शक्यता बरीच. २४ जूनला कुस्कोत, म्हणजे माचू पिचूला जाताना लागणाऱ्या मोठ्या शहरात, इंती रायमी, सूर्याचा उत्सव, तो बघायचाच असेल तर हॉटेल फार आधी घ्या, नाहीतर तो आठवडा टाळा.

तारीख हातात आली की व्हिसा. भारतीय पासपोर्टला पेरूचा व्हिसा लागतो, पण तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, यूके, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा असेल किंवा त्यातल्या एखाद्या देशात तुम्ही कायमचे राहत असाल तर टुरिस्ट म्हणून वेगळा व्हिसा लागत नाही. माझी मावसबहीण न्यू जर्सीहून ग्रीन कार्डवर सरळ आली, आम्हाला आमचा शेंगेन कामी आला. यातलं काही नसेल तर दिल्लीतला पेरूचा दूतावास. भारतातून थेट विमान नाही, युरोप किंवा अमेरिकेवरून जावं लागतं, त्यामुळे ट्रान्झिट व्हिसा लागतोय का तेही त्या त्या देशाच्या साइटवर बघूनच विमान पक्कं करा, अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायला पण व्हिसा लागतो.

आणि यलो फीवर. हे खूप जण विसरतात कारण पेरूत उतरताना कोणी विचारत नाही, विचारतात ते आपल्याच देशात परत येताना. पेरू आपल्या सरकारच्या यलो फीवरच्या देशांच्या यादीत आहे, लस घेतल्याचं पिवळं सर्टिफिकेट नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. इंजेक्शन सरकारमान्य केंद्रातच मिळतं, अपॉइंटमेंट लागते, आणि ते किमान दहा दिवस आधी घेतलेलं असावं लागतं, एकदा घेतलं की आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी घेण्याआधी डॉक्टरांशी नीट बोला. माझी आई ६२ ची, आम्ही तिच्या फॅमिली डॉक्टरांकडे सगळे रिपोर्ट घेऊन बसलो आणि मगच ठरवलं.

आता उंची, आणि हे कृपा करून वरवर वाचू नका. माचू पिचू स्वतः २,४३० मीटरवर आहे, तिथं फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो कुस्कोत, कारण कुस्को ३,४०० मीटर, म्हणजे जवळपास लेहइतकं, आणि तुम्ही समुद्राकाठच्या लिमातून, म्हणजे पेरूच्या राजधानीतून, सव्वा-दीड तासात विमानाने तिथं जाऊन उतरता. आपण सह्याद्रीत कितीही फिरलेलो असू, दर रविवारी गड चढत असू, कळसूबाई १,६४६ मीटर आहे, कुस्को त्याच्या दुप्पट. स्टॅमिना इथं उपयोगी पडत नाही, शरीराला वेळच द्यावा लागतो. डोकं धरतं, भूक जाते, झोप लागत नाही, दोन जिने चढले की धाप लागते, तिकडे याला सोरोचे म्हणतात. म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कुस्को विमानतळावर उतरलात की कुस्कोत राहू नका, तिथूनच टॅक्सी करून खाली सेक्रेड व्हॅली नावाच्या नदीच्या खोऱ्यात जा, उरुबांबा किंवा ओयांतायतांबो, हे २,८०० च्या आसपास आहेत. तिथं दोन रात्री काढा, मग माचू पिचू, आणि कुस्को शेवटी, तोवर शरीर सरावलेलं असतं. नकाशावर हे उलटं वाटतं पण आईला या क्रमामुळे एकदाही डोकेदुखीची गोळी लागली नाही. माझ्या बहिणीने आधी दोन दिवस कुस्को केलं आणि पहिली अख्खी रात्र बसून काढली. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची का ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर नक्की सांगा. पहिले दोन दिवस दारू नाही, जड जेवण नाही, पाणी भरपूर, चालणं सावकाश. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात, प्या, बरं वाटतं. धाप बसल्याजागी सुद्धा कमी होत नसेल किंवा माणूस बरळायला लागला तर वाट बघायची नाही, लगेच खालच्या उंचीवर न्यायचं आणि डॉक्टर गाठायचा.

पुढे जायचं कसं. माचू पिचूपर्यंत गाडीरस्ता नाही, पायथ्याचं गाव आग्वास कालिएंतेस, आणि तिथं जायला ट्रेन किंवा पाय. ओयांतायतांबोहून ट्रेन पावणेदोन तासांच्या आसपास घेते, पेरूरेल आणि इंका रेल अशा दोन कंपन्या आहेत, भाडं महाग आहे पण नदीकाठचा तो रस्ता फार सुंदर आहे. ट्रेनमध्ये छोटीच बॅग चालते, मोठी सुटकेस हॉटेलात ठेवून जा, सगळी हॉटेलं ठेवून घेतात. पैसे वाचवायचे असतील तर कुस्कोहून व्हॅनने सहा-सात तास घाटातून इद्रोएलेक्त्रिका नावाच्या जलविद्युत केंद्रापर्यंत आणि तिथून रुळांच्या कडेने दहा-अकरा किलोमीटर चालत, वाट सपाट आहे, तरुणांना छान, पण पावसाळ्यात दरडींमुळे मी हा मार्ग कोणालाच सुचवणार नाही. इंका ट्रेल, म्हणजे इंकांच्या जुन्या वाटेने माचू पिचूपर्यंत चालत जाणं, मनात असेल तर तो एकट्याने करता येत नाही, परवाना फक्त मान्यताप्राप्त एजन्सीतूनच, पोर्टर वगैरे धरून दिवसाला ५०० माणसं, आणि फेब्रुवारीत पूर्ण बंद. आपलं आपण चालायचं असेल तर साल्कांताय हा दुसरा ट्रेक बघा, पण त्याची खिंड ४,६०० मीटरच्या वर आहे, आधी नीट सराव हवा.

आदल्या रात्री आग्वास कालिएंतेसमध्ये राहाच. सकाळी तिथून वर जायला बस, परदेशी माणसाला एका वेळचे १२ डॉलर, अर्धा तास, पहिली साडेपाचला. पायऱ्यांनी चढलात तर दीड तास आणि घामाघूम. बसचं तिकीट आदल्या दिवशीच काढून ठेवा. पाठीवरची सॅक ४० बाय ३५ बाय २० सेंटीमीटरपेक्षा मोठी नको. ट्रायपॉड, सेल्फी स्टिक, ड्रोन, एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्या, खाण्याचे डबे हे काही आत नाही. काठी वयस्कर माणसाला चालते पण टोकाला रबर हवं. टॉयलेट फक्त गेटबाहेर आहे, सुटे सोल जवळ ठेवा, आणि परत आत येता येत नाही म्हणून आधीच जाऊन या, आईवडील बरोबर असतील तर हे आधी सांगून ठेवा. पातळ रेनकोट, टोपी, सनस्क्रीन, पकड असलेले बूट, आणि पूर्ण पँट, कारण तिथं बारीक काळ्या माश्या चावतात आणि ती खाज चार दिवस जात नाही. जून-जुलैत कुस्कोची रात्र शून्याजवळ जाते, स्वेटर, कानटोपी घ्याच, लोकरीचं बाकी सगळं तिथं सुंदर मिळतं.

खाण्याचं आपल्याला टेन्शन असतं पण इतकं नाही. नुसतं शाकाहारी म्हणून सांगितलं तर चिकन येऊ शकतं, म्हणून सरळ म्हणायचं, सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, म्हणजे मांस नको, चिकन नको, मासे नको. सूपमध्ये मांसाचा स्टॉक आहे का ते वेगळं विचारायचं. किनुआचं सूप, मोठ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीज, ॲव्होकाडो, भात, आणि बटाटे, अहो बटाटा मूळ याच डोंगरांतला, तिथं बाजारात जांभळे, पिवळे, गाठाळलेले इतके प्रकार मांडलेले असतात की आई तासभर हलायलाच तयार नव्हती. कुस्कोच्या सान पेद्रो मार्केटमध्ये किविचाच्या वड्या मिळतात, हा आपल्या राजगिऱ्याचाच भाऊबंद, चव पण तशीच, आईची चतुर्थी त्यावर झाली. घरून पॅकबंद चिवडा, चिक्की थोडी न्या आणि कस्टमच्या फॉर्मवर खरं लिहा.

पैशाचं पटकन, थोडे डॉलर कोरे करकरीत, फाटकी नोट घेत नाहीत, बाकी एटीएममधून सोल. आपले दोन पिनांचे चार्जर बहुतेक ठिकाणी बसतात. गुगल ट्रान्सलेटमध्ये स्पॅनिश डाउनलोड करून ठेवा, गावाकडे इंग्रजी चालत नाही.

एक मोकळा दिवस मात्र ठेवाच, आणि तो माचू पिचूच्या नंतर, लिमाच्या विमानाच्या आधी. तिथं संपाला पारो म्हणतात आणि पारो लागला की रूळ अडवतात, जानेवारी २०२३ मध्ये आंदोलनामुळे माचू पिचूच बंद ठेवावं लागलं होतं, २०१० च्या जानेवारीत पुराने रूळ वाहून गेले आणि अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने काढलं. आमची ट्रेन सहा तास उशिरा सुटली आणि तो मोकळा दिवस नसता तर मुंबईपर्यंतची सगळी विमानं हुकली असती.

आत जाण्याआधी गाइड करा, गेटवर मिळतात, दोन-तीन जण मिळून केला तर परवडतो. हे सगळं १४५० च्या आसपास पाचाकुती या इंका राजाच्या काळात उभं राहिलं आणि १९११ मध्ये हायरम बिंगम हा अमेरिकन संशोधक तिथं पोचला तेव्हाही शेतकरी कुटुंबं तिथं राहत होती, जगाला माहीत नव्हतं एवढंच. गडांवर पाण्याची टाकी शोधायची सवय असलेल्यांनी इथं पाणी बघा. डोंगरातल्या झऱ्यापासून पाऊण किलोमीटरचा दगडी पाट काढून एकाखाली एक अशा सोळा कारंज्यांतून ते वस्तीत फिरवलंय. कुठं कुठं चुना न वापरता दगडाला दगड असा बसवलाय की नख जात नाही. मी त्या कारंज्यांपाशी गाइडला थांबवून ठेवलं होतं, वेळ गेला, पण माझ्यासाठी तोच सगळ्यात मोठा क्षण होता.

परतीच्या आदल्या रात्री बॅगा रिकाम्या करून सगळे खिसे, कप्पे बघा. कोकाची पानं, टी बॅग, कोकाच्या गोळ्या, काही म्हणजे काही राहता कामा नये, तिथं ती किराणा दुकानात मिळतात पण आपल्या अमली पदार्थांच्या कायद्यात कोकाचं पान बसतं. आईच्या जॅकेटच्या आतल्या खिशात दोन टी बॅग निघाल्या, हॉटेलातल्या मावशींना देऊन टाकल्या. आणि पिवळं सर्टिफिकेट मोठ्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टला रबर बँड लावून त्यातच ठेवा, मुंबईत उतरल्यावर आधी तेच मागतात.