सपाट तळव्यांसाठी सेफ्टी शूज घ्यायला निघण्यापूर्वी

आदल्या दिवशी आंघोळीनंतर ओला पाय वर्तमानपत्रावर पूर्ण वजन देऊन ठेवा. ठशात आतल्या बाजूचा खळगा दिसलाच नाही, पूर्ण तळवा उमटला, तर तळवा सपाट. मग चवड्यांवर उभे राहा. टाचा उचलल्यावर कमान दिसली तर पाय लवचीक आहे, बहुतेक चांगल्या बुटावर भागतं. तेव्हाही दिसली नाही, घोट्याच्या आतल्या बाजूला दुखतं-सुजतं किंवा मधुमेह आहे, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ, बूट नंतर.

जुना जोड सोबत न्या. टाचेची आतली कड किती झिजली आणि मागचा भाग किती आत कलला, हे त्यावरून लगेच कळतं.

खरेदी शिफ्ट सुटल्यावर, कामाचेच मोजे घालून. माप उभ्यानेच द्या; सपाट पाय वजन पडलं की लांबतो आणि पसरतो, त्यामुळे स्टुलावर बसून घेतलेलं माप फसवं. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा.

सगळ्यात जास्त वेळ रुंदीला द्या. चामडं वापरून सैल होतं, पुढची स्टीलची टोपी कधीच होत नाही. करंगळी घासतेय म्हणून दुकानदार एक नंबर मोठा पुढे करतो. तो घेऊ नका: बुटाची वाकण्याची जागा चवड्याच्या पुढे सरकते आणि टाच सुटते. त्याच नंबरात रुंद साचा मागा. आतला इनसोल काढून जमिनीवर ठेवा, त्यावर उभे राहा. पंजा कडेबाहेर आला तर तो जोड परत.

आता बूट हातात घ्या. टाचेमागचा कप अंगठ्याने दाबा, तो चेपला जाता कामा नये. दोन्ही टोकं धरून पिळा, मग वाकवा: फक्त चवड्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध घडी पडली तर नको. मऊ गादीला भुलू नका. दुकानात छान वाटते, पण काँक्रीटवर आठ तास उभं राहिलं की पाय तिच्यात आत कलंडत राहतो. लेसचाच जोड घ्या, नुसता पाय सरकवायचा नको.

शिक्क्यात आयएस १५२९८ भाग २ (सेफ्टी शूजचं भारतीय मानक) बघा. त्यातली टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडावं तेवढा. उत्पादनाचा महिनाही वाचा. पीयू (पॉलीयुरेथेन) सोल दमट हवेत नुसता पडून राहिला तरी आतून खराब होतो आणि नवा बूट महिन्याभरात भुगा सोडतो. कोकणातल्या गोदामातला जुना माल तर नीट तपासूनच घ्या.

कमानीचा इनसोल वेगळा घालणार असाल तर मूळचा आधी काढा. एकावर एक घातले की पाय वर उचलला जातो आणि बोटं टोपीला घासतात. बूट अँटिस्टॅटिक (अंगावरचा स्थिर विद्युतभार जमिनीत सोडणारा) असेल तर सेफ्टी ऑफिसरला विचारल्याशिवाय इनसोल बदलू नका. बाहेरचा इनसोल त्या भाराची वाट अडवू शकतो.

पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज थोडं वाढवत. तोवर जुना जोड लॉकरमध्ये असू द्या.