टंबलिंगची मॅट कशी निवडाल? आधी कौशल्य, मग जाडी

टंबलिंगची, म्हणजे जिम्नॅस्टिक्समधल्या कोलांट्या-उड्यांच्या सरावाची मॅट घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो जाडीचा. तो जरा बाजूला ठेवा. आधी शिकणारा सध्या काय करतोय ते कागदावर लिहा: कोलांटी, कार्टव्हील (हात टेकून चाकासारखं बाजूला फिरणं), हँडस्टँड (हातांवर उभं राहणं), बॅक हँडस्प्रिंग (मागे उडी घेऊन हातांवरून पुन्हा पायांवर येणं). मग प्रत्येकासमोर नोंदवा, की यात हातापायांनी जमीन रेटायची आहे की उंचावरून खाली यायचं आहे? बाकीची निवड या उत्तरावर ठरते.

आता फोम पाहा. बंद पेशींच्या फोममध्ये हवा आतच अडकलेली असते. तो थोडाच दबतो आणि लगेच पूर्ववत होतो. खुल्या पेशींचा फोम स्पंजासारखा असतो. दाबला की त्यातली हवा बाहेर जाते आणि पडण्याचा वेग जिरतो. म्हणजे रेटायला पहिला, पडायला दुसरा.

मग प्रकार जुळवा. कोलांटी, कार्टव्हीलसाठी साधी घडीची मॅट पुरते. ती साधारण साडेतीन ते पाच सेंटिमीटर जाड असते, कडेच्या वेल्क्रोने दुसरीला जोडता येते आणि घडी घालून भिंतीशी उभी करता येते. एकच मॅट घ्यायची असेल तर मी हीच घेईन. उलटी कोलांटी जमत नसेल तर उताराची मॅट घ्या. उतारच गती देतो, त्यामुळे मानेवरचा ताण कमी होतो.

क्रॅश मॅट सहसा वीस ते तीस सेंटिमीटर जाड आणि मऊ असते. जाड म्हणजे सुरक्षित, असं वाटून पुष्कळजण तिच्यावरच सगळा सराव करतात. पण तिच्यावर धावलं की पाऊल रुतून घोटा मुरगळतो, आणि हँडस्टँडमध्ये मनगट गरजेपेक्षा जास्त वाकतं. ती फक्त उतरण्याच्या जागी ठेवा.

एअर ट्रॅक, म्हणजे हवा भरायची लांबट मॅट, मुलांना फार आवडते. हवेचा दाब कमीजास्त करता येतो, सलग उड्यांचा सराव होतो, सांध्यांना धक्काही कमी बसतो. मात्र तिची उसळी सवयीची झाली की साध्या मॅटवर तीच उडी अपुरी पडते. म्हणून दोन्हींवर आलटून पालटून सराव करा. स्पर्धेतला फ्लोअर १२ बाय १२ मीटरचा आणि खाली स्प्रिंग असलेला असतो. तो घरचा विषयच नाही. तसंच एकमेकांत अडकवायच्या रंगीत फोमच्या पातळ फरश्या ताणाच्या व्यायामाला ठीक आहेत, उड्यांना नाहीत.

विकत घेण्याआधी मॅटवर गुडघा टेकून पूर्ण भार द्या. खालची जमीन टोचली तर ती मॅट नको. शिवण दुहेरी आहे का, चेन झाकलेली आहे का आणि क्रॅश मॅट असेल तर हवा जायला बाजूला जाळी आहे का, तेही तपासा.

अंथरताना दोन मॅटमध्ये फट ठेवू नका, तिच्यातच पाय अडकतो. गुळगुळीत फरशीवर मॅट सरकते, त्यामुळे खाली न घसरणारा थर हवा. हवेत फिरायची कोणतीही नवी उडी प्रशिक्षकाशिवाय करू नका, मॅट कितीही चांगली असली तरी.

वापरानंतर सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. क्रॅश मॅट दुमडून ठेवू नका. मधोमध खड्डा पडून तो भरून येईनासा झाला, की फोम बदला. वरचं कव्हर नव्यासारखं असलं तरी.