एआरटी घेताना पोटाच्या घेरावर आणि चयापचयावर लक्ष कसे ठेवावे

व्हायरल लोड (रक्तातील एचआयव्ही विषाणूचे प्रमाण) दबलेला आहे, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) समाधानकारक आहे, तरीही हातपाय बारीक होत आहेत आणि पोट पुढे येत आहे, असे एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे) घेत एचआयव्हीसह जगणाऱ्या अनेकांना जाणवते. काट्यावरचे वजन यात फारसे सांगत नाही, कारण चरबी किती आहे यापेक्षा ती शरीरात कुठे साठली आहे याला अधिक महत्त्व आहे. आतड्यांभोवती साठणारी चरबी यकृत, साखर आणि हृदय या तिघांवर भार टाकते.

म्हणून सुरुवात मोजण्यापासून करावी. शिवणकामाची टेप घ्यावी, सकाळी उपाशीपोटी सरळ उभे राहावे आणि सर्वांत खालची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, माप घ्यावे. पँटचा पट्टा किंवा साडी बसते तिथले माप धरू नये. भारतीयांमध्ये पुरुषांचा घेर ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक असल्यास धोका वाढलेला मानतात. त्याच वेळी दंड आणि मांडी यांचीही मापे वहीत लिहावीत व दर महिन्याला पुन्हा घ्यावीत.

त्यानंतर आपल्या गोळ्यांचा इतिहास समजून घ्यावा. भारतात मोफत एआरटी २००४ साली सुरू झाली आणि त्या काळातील स्टॅव्ह्युडीन, तसेच झिडोव्ह्युडीन, या औषधांनी पेशींतील मायटोकॉन्ड्रियांना (ऊर्जा तयार करणाऱ्या भागांना) इजा होऊन गाल, हात, पाय व नितंबांवरील चरबी झडत असे. औषध बदलल्यावर ही झीज थांबते, मात्र गेलेली चरबी अत्यंत सावकाश आणि बहुधा अपुरीच परतते. सध्याच्या टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राव्हिर या एकत्रित गोळीने अशी झीज होत नाही. काहींचे वजन मात्र वाढते. यावर स्वतःहून गोळ्या बंद करणे हा उपाय कधीही नाही, कारण विषाणू मोकळा सुटला की शरीरातील दाह वाढतो आणि हृदयाचे नुकसानच होते.

पुढच्या वेळी सिव्हिलच्या किंवा आपल्या एआरटी केंद्रात जाताना वही सोबत न्यावी आणि रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) यांविषयी विचारावे. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर ती मधुमेहाची पूर्वावस्था होय; १२६ किंवा अधिक आकडा पुन्हा तपासून निश्चित करावा लागतो. एचबीए१सी ही गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारी चाचणी काही एचआयव्हीबाधितांमध्ये प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये.

आहारात पोट कमी करण्यासाठी उपाशी राहणे टाळावे, कारण त्यात आधीच बारीक झालेल्या पायांचे स्नायू आणखी झिजतात. ज्वारीची भाकरी, मटकी, डाळ, पालेभाज्या आणि परवडल्यास अंडी हे सोलापूरकराच्या ताटातले उत्तम अन्न आहे. शेंगाचटणीही चालेल, फक्त तिच्यावर तेलाची धार नको. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे. उन्हाळ्यात सिद्धेश्वर तलावाच्या परिसरात पहाटेच जावे. बिड्या वळणाऱ्या किंवा शिलाई मशीनवर दिवसभर बसणाऱ्या भगिनींनी मधूनमधून उठावे. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम केल्यास मांड्यांना बळ येते. बिडी आणि तंबाखू सोडणे हृदयासाठी अत्यंत मोलाचे आहे.

कोलेस्टेरॉलच्या गोळीबाबत ४० वर्षांवरील प्रत्येकाने डॉक्टरांशी अवश्य बोलावे. ४० ते ७५ वयोगटातील ७,७६९ एचआयव्हीबाधितांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या रिप्रीव्ह अभ्यासात पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळल्या.

काही औषधे एआरटीसोबत चालत नाहीत, म्हणून बाहेरच्या डॉक्टरांना आपल्या एआरटीची नावे सांगावीच लागतात. संमतीशिवाय ही माहिती उघड करण्यास २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. डोल्युटेग्राव्हिर घेताना मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीची मात्रा सहसा दिवसाला १,००० मिलिग्रॅमपर्यंत ठेवतात. ज्यांच्या एआरटीत रिटोनाव्हिर हे औषध आहे त्यांनी सिम्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेऊ नये, तसेच दम्याचा पंप, नाकातला फवारा किंवा सांध्यातले इंजेक्शन यांत स्टेरॉइड आहे का, हे आधी विचारावे. रिटोनाव्हिर आणि स्टेरॉइड या जोडीने चेहरा सुजतो आणि मानेमागे चरबीचा उंचवटा येऊ शकतो. असा उंचवटा दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता केंद्रात जावे.