हेडलाइटची काच धुरकट झाली आहे? घासण्याआधी आणि बदलण्याआधी या चुका टाळा

पावसाळा सरत आला की नाशिकच्या अंबडजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात. हेडलाइटची काच पिवळी पडली आहे, रात्री कसारा घाटात रस्त्याची कड दिसत नाही, तर काच घासून घ्यावी की नवीन असेंब्ली, म्हणजे काचेसह अख्खा दिवा, बसवावी? प्रश्न योग्य असतो, परंतु तो विचारला जाईपर्यंत बहुतेकांनी घरी काहीतरी प्रयोग करून ठेवलेला असतो आणि आम्हाला आधी तो निस्तरावा लागतो.

आपण जिला काच म्हणतो ती आजच्या गाड्यांमध्ये काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. जुन्या मारुती ८०० किंवा पद्मिनीला खरी काच होती, त्यामुळे ती फुटत असे पण पिवळी पडत नसे. पॉलिकार्बोनेट सहजी फुटत नाही, मात्र उन्हातील अतिनील किरणांपुढे ते टिकत नाही. म्हणून कारखान्यात त्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक थर दिलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाने, धुळीने आणि खड्यांच्या माऱ्याने तो थर झिजतो, मग खालचे प्लास्टिक पिवळे आणि धुरकट होते. सोसायटीत रोज एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहणाऱ्या गाडीचा उन्हाकडचा दिवा दुसऱ्यापेक्षा आधी पिवळा होतो, हे बारकाईने पाहिल्यास कोणालाही दिसेल.

धुरकटपणा कोठे आहे हे न पाहताच घासायला बसणे

ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

सहा-सात वर्षांपूर्वी सिन्नरचे एक निवृत्त शिक्षक नुकतीच घेतलेली सेकंडहँड हॅचबॅक घेऊन आले होते. दोन्ही दिवे पिवळे होते. मी फारसे न पाहता काम मुलाच्या हाती दिले. त्याने अर्धा दिवस खपून काचा इतक्या स्वच्छ केल्या की गाडी नवी वाटावी, आणि मी समाधानाने पैसे घेतले. दहा-बारा दिवसांनी गुरुजी परत आले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले. ते म्हणाले, ‘‘शेठ, दिवा बाहेरून फार देखणा दिसतो हो, पण मला रस्ता पूर्वीइतकाच दिसतो.’’

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. बल्ब बाहेर काढला आणि त्या छिद्रातून बॅटरीचा उजेड आत सोडला. बल्बच्या वरच्या बाजूचा रिफ्लेक्टर (उजेड पुढे फेकणारा चकचकीत भाग) करपून राखाडी झाला होता, जुन्या आरशामागचा पारा उडावा तशी त्याची चंदेरी झिलई ठिकठिकाणी उडाली होती. हातातल्या बल्बवर ६०/५५ ऐवजी १००/९० वॅट असे छापलेले होते. आधीच्या मालकाने अधिक उजेडाच्या हव्यासापायी तो बसवला होता, आणि त्याच्या उष्णतेने रिफ्लेक्टर तर गेलाच होता, होल्डरचे प्लास्टिकही तपकिरी झाले होते. अशा दिव्याची काच कितीही घासली तरी उजेड वाढणार कसा? दोन्ही असेंब्ली आणि होल्डर बदलले, आणि घासण्याचे घेतलेले पैसे अर्थातच परत केले.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. काच साबणाने धुवायची आणि ओली असतानाच समोरून पाहायची. पाण्याने काच क्षणभर पारदर्शक झाली आणि वाळताच पुन्हा धुरकट झाली, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि ती घासून सुधारेल. पाणी टाकूनही आतला बल्ब धूसरच दिसत असेल, तर दोष आतल्या बाजूला आहे किंवा तो प्लास्टिकमध्ये खोलवर गेलेला आहे. त्यानंतर नखाने काचेवर हलकेच रेघ ओढून पाहायची. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसत असतील, तर त्या बहुधा घासकागदाने निघत नाहीत. शेवटी बल्ब काढून रिफ्लेक्टर पाहायचा. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात. बल्ब हाती घेतलाच आहे तर त्याची काच बोटांनी धरू नये.

टूथपेस्ट, आणि एकूणच संरक्षक थर न देता काम संपवणे

टूथपेस्टने काच साफ होते का? होते. टूथपेस्टमध्ये सौम्य घर्षण करणारे कण असतात आणि वरवरचा पिवळेपणा त्यांनी निघतो. परंतु उरलासुरला कारखान्याचा थरही त्याबरोबर झिजतो आणि उघडे पडलेले प्लास्टिक नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात पुन्हा पिवळे होऊ लागते. डास पळवणारे औषध फवारून काच चकचकीत करण्याचा प्रकार तर त्याहून वाईट आहे, कारण त्यातील डीईईटी हे द्रव्य प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवते. काच चमकली असे वाटते, पण ती खरे तर विरघळलेली असते. अ‍ॅसिटोन आणि थिनर यांनाही काचेजवळ येऊ देऊ नये.

हल्ली वाफेचे किटही मिळते. छोट्या भांड्यात द्रव तापवून त्याची वाफ काचेवर सोडली की काच पाच मिनिटांत आरशासारखी होते, आणि घाईत असलेल्या ग्राहकाला यापेक्षा दुसरे काय हवे असते? ती वाफ रासायनिक द्रावकाची असते, ती छातीत जाऊ देणे धोक्याचे आहे, आणि अतिनील किरणांपासून संरक्षण करणारा थर त्यातून मिळतच नाही. मी ते काम करत नाही.

माझी पद्धत जुनी आणि कंटाळवाणी आहे. कडेच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन पदर लावायचे. ८०० च्या वॉटर पेपरने (ओला वापरायचा घासकागद, आकडा जितका मोठा तितका तो बारीक) सुरुवात करायची आणि पाणी सतत सोडत राहायचे. सुरुवातीला निघणारा मळ पिवळट असतो. तो पूर्ण पांढरा झाला आणि काच सर्वत्र सारखीच दुधाळ दिसू लागली, की जुना थर निघाला असे समजावे. नवशिके नेमके येथे घाबरतात. काच पूर्वीपेक्षा वाईट झालेली पाहून ते एकदम बारीक कागदावर उडी मारतात, आणि मग ८०० चे ओरखडे पॉलिशखाली कायमचे राहतात. १०००, १५००, २००० असा क्रम ठेवावा आणि प्रत्येक कागद आधीच्या कागदाच्या आडव्या दिशेने फिरवावा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसते. कोरडे घासू नये, एवढे सांगितले तरी पुरे.

यानंतर अतिनील किरणांना रोखणारा, हार्डनर (थर कडक करणारे द्रव्य) मिसळायचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारायचा. बरेच जण २००० नंतर कंपाऊंडने काच चकाचक करतात आणि त्यावर क्लिअर मारतात. गुळगुळीत पृष्ठभागावर तो नीट धरत नाही आणि काही महिन्यांत पापुद्रे सुटू लागतात. कागदाची बारीक खरखर ठेवूनच, काच पुसून आणि पूर्ण वाळवून, दोन-तीन पातळ हात द्यावेत. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, त्यामुळे साधा रुमाल बांधून चालत नाही. योग्य फिल्टरचा मास्क लावावा आणि काम मोकळ्या हवेत करावे. पावसाळी, दमट दिवशी थर दुधाळ होण्याची भीती असते, म्हणून श्रावणात मी हे काम घेतच नाही आणि ग्राहकाला दसऱ्यानंतर बोलावतो. काही जण रुसतात आणि दुसरीकडे एका तासात काम करून घेतात. त्यांतले काही पुढच्या उन्हाळ्यात परत येतात.

पाण्याचे थेंब दिसले की असेंब्ली फेकून देणे

पावसात किंवा थंडीच्या पहाटे काचेच्या आतून थोडी वाफ धरणे हा दोष नसतो. दिव्याला श्वास घेण्यासाठी बारीक वाटा ठेवलेल्या असतात, आणि दिवे लावून गाडी चालवली की ती वाफ हळूहळू उडते. तळाशी पाणी साचत असेल तर मात्र सील गेले आहे, किंवा मागचे रबरी झाकण नीट बसलेले नाही. निम्म्या वेळा ते झाकणच असते. पाणी काढण्यासाठी असेंब्लीला ड्रिलने छिद्र पाडणाऱ्यांना मी हात जोडतो.

बदलताना केलेली काटकसर

आतला धुरकटपणा, करपलेला रिफ्लेक्टर, खोल भेगा, फुटलेली काच किंवा झाकण ठीक असूनही साचणारे पाणी यांपैकी काही आढळले, तर असेंब्ली बदलणेच स्वस्त पडते. दिवा गाडीला पकडून ठेवणारा एखादाच कान तुटला असेल तर तो जोडता येतो. दोष केवळ बाहेरचा असेल तर घासून घ्यावे. माझा वैयक्तिक हिशेब असा की, घासून कोट देण्याचा खर्च नव्या जोडीच्या एक तृतीयांशाहून अधिक होत असेल, किंवा हीच काच आधी दोनदा घासलेली असेल, तर मी नवीन घ्यायला सांगतो.

नवीन घेताना किमतीचा मोह आवरावा. अगदी स्वस्त नकली असेंब्लीवर संरक्षक थर नावापुरताच असतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तिचा झोत विस्कटलेला असतो. परदेशी साठ्यातून आलेला दिवा उजव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या देशासाठी बनवलेला नाही ना, हे तपासावे. आपल्याकडे डिपरचा झोत डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेकडे, किंचित उंच जातो. त्या दिव्याचा झोत उजवीकडे उचललेला असतो आणि तो सरळ समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. दिवा एकाच बाजूचा बदलला तर दोन्हींच्या उजेडात फरक राहतो, हे गृहीत धरावे. रिफ्लेक्टरच्या दिव्यात बाजारू एलईडी बल्ब घालून उजेड वाढवण्याविषयी मी येथे लिहीत नाही, नाहीतर लेख संपणार नाही.

झोत जुळवण्याचे काम तर बहुतेक जण विसरतात. आमच्या वर्कशॉपच्या मागच्या भिंतीसमोर सपाट जमिनीवर पंचवीस फुटांवर रेघ आखलेली आहे. जुना दिवा काढण्यापूर्वी चाकांतील हवा तपासून गाडी त्या रेघेवर उभी करतो, डिपर लावतो आणि भिंतीवर झोताची वरची कड जेथे तुटते तेथे टेप चिकटवतो. ती कड दिव्याच्या मध्यापेक्षा तीन-चार इंच खाली असेल तर आधीची जुळणी ठीक होती असे मानतो, नसेल तर टेप तेवढी सरकवून लावतो. नवीन दिवा बसला की गाडी पुन्हा त्याच रेघेवर आणायची आणि मागचा स्क्रू अर्धा-अर्धा आटा फिरवत कड टेपला टेकवायची. गाडीत नेहमी मागे माणसे बसत असतील, तर हे करताना दोघांना मागच्या सीटवर बसवावे.